येडा गडी आणि पाचशे दोन: पांझराकाठच्या एका शाळेतील गणिताच्या तासांचे प्रकरण

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी असलेल्या एका गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी आणि चौथी या दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात. शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सांभाळतात आणि तिसरी-चौथी बाईंकडे आहेत. चौथीचा पट बारा. बहुतेक मुलांची घरची बोली अहिराणी, तिघांची भिल्ली. शाळेला मिळालेला मोठा टीव्ही कार्यालयात कापडाखाली झाकलेला असतो, कारण गावातील विजेचा दाब दुपारनंतर त्याला मानवत नाही. या वर्गात गणिताच्या तासाला संगणकीय विचार, म्हणजे प्रश्नाचे लहान भाग पाडून तो सोडवण्याची नेमकी, क्रमवार रीत घडवणे, आणण्याचा जो प्रयत्न झाला, तो साधनव्यक्ती म्हणून मला जवळून पाहता आला. त्यातील पहिला प्रयत्न फसला आणि दुसरा बऱ्याच अंशी साधला. फसण्याचे कारण साधण्यापेक्षा अधिक बोलके असल्यामुळे सुरुवात तेथूनच करतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये गणिती विचारासोबत संगणकीय विचारावर पायाभूत स्तरापासून भर देण्याचे म्हटले आहे आणि त्यासाठी कोडी व खेळ यांचा नियमित वापर सुचवला आहे. कोडिंगचे उपक्रम मात्र पूर्व माध्यमिक स्तरावर, म्हणजे सहावी ते आठवीसाठी सांगितले आहेत. शिक्षकांच्या बोलण्यात या दोन गोष्टी एक होतात, आणि मग ‘आमच्याकडे संगणकच नाही’ हे उत्तर तयारच असते. बाईंनी ते उत्तर दिले नाही. ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करून त्यांनी पुढच्याच आठवड्यात फळ्यावर संगणकीय विचाराची व्याख्या लिहिली, चार घटकांची नावे मुलांकडून वहीत उतरवून घेतली आणि उदाहरण म्हणून चहा करण्याची कृती क्रमाने लिहायला सांगितली. मुलांनी ती सुरेख अक्षरात लिहिली. त्या दिवशी मी वर्गात मागे बसून स्वतः तयार केलेल्या निरीक्षण-तक्त्यात ‘क्रमवारी: साध्य’ अशी खूण केली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

दोन आठवड्यांनी चौथीच्या घटक चाचणीच्या वह्या आम्ही दोघांनी शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून पाहिल्या. ५०२ मधून २७८ वजा करण्याचे उदाहरण होते. पाच मुलांचे उत्तर २२४ होते, ते बरोबर. चौघांनी ३७६ लिहिले होते आणि तिघांनी ३२४. बाईंनी सातही उत्तरांवर फुली मारली होती. मी त्यांना ती सात उत्तरे पुन्हा एका ओळीत मांडायला सांगितली. सात चुका नव्हत्या, दोनच होत्या. ३७६ लिहिणाऱ्यांनी प्रत्येक घरात लहान अंक मोठ्या अंकातून वजा केला होता: पाचातून दोन, सातातून शून्य, आठातून दोन. ३२४ लिहिणाऱ्यांनी एककासाठी शून्याकडून उसने घेतले, शून्याच्या जागी नऊ केले, पण तो नऊ ज्याच्यामुळे झाला त्या पाचाचे चार करायचे विसरले. म्हणजे ही मुले गोंधळलेली नव्हती. ती एक रीत अगदी इमानाने पाळत होती, आणि ती रीतच चुकलेली होती.

ही गोष्ट नवी नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतील अशाच चुकांची मांडणी केली, त्यांना संगणकाच्या भाषेतला ‘बग’ (प्रोग्राममधील चूक) हाच शब्द लावला आणि विद्यार्थ्यांच्या चुकीमागची रीत शिक्षकांना ओळखता यावी म्हणून ‘बगी’ नावाचा संगणकीय खेळ तयार केला. तसे पाहिले तर ‘अल्गोरिदम’ (ठरावीक पायऱ्यांची रीत) हा शब्दच मुळात गणिताच्या तासाचा आहे. नवव्या शतकातील अल-ख्वारिज्मी याने भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर लिहिले आणि त्याच्या नावाच्या लॅटिन रूपावरून हा शब्द आला. हातच्याची वजाबाकी हाच एक अल्गोरिदम आहे. चहाच्या पातेल्यापर्यंत जाण्याची गरज नव्हती.

पहिला प्रयत्न का फसला, हे त्या ओट्यावर आम्हाला पुरते कळले. चहाची कृती कोणी तपासून पाहिली नव्हती. साखर आधी की पत्ती आधी, याने फारसे काही बिघडत नाही. आणि बिघडले तरी कागदावर ते दिसत नाही. जी रीत कोणी तंतोतंत पाळून पाहत नाही, तिच्यातील चूक वर येत नाही, आणि चूक वर आली नाही तर विचार करण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या बाजूला गणिताच्या तासाला मुले रोजच रीत पाळत होती, पण ती बाईंनी दिलेली. रीत पाळणे मुलांना येत होते. रीत घडवून ती दुसऱ्याच्या हाती देण्याची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

त्यातून पुढची योजना निघाली. मुलांनी वजाबाकीच्या सूचना चिठ्ठ्यांवर लिहायच्या आणि फळ्याजवळ उभ्या असलेल्या यंत्राने चिठ्ठीत आहे तेवढेच करायचे. स्वतःचे डोके चालवायचे नाही, अडले तर थांबायचे. मुलांनी त्या यंत्राला लगेच नाव दिले, ‘येडा गडी’. नाव ऐकून बाई सावध झाल्या, कारण एखाद्या मुलाला तेच कायमचे चिकटले असते. म्हणून येडा गडी त्या स्वतःच झाल्या. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय हाच होता, आणि तो घेताना त्यांच्या मनात केवळ मुलांची काळजी होती, अध्यापनशास्त्र नव्हते. सिमूर पॅपर्ट यांच्या ‘लोगो’ या मुलांसाठीच्या संगणकभाषेतील कासवालाही असेच सांगेल तेवढेच करायचे असते आणि मुले स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाहतात. येथे कासव बाई होत्या आणि सूचना देणारी मुले होती.

पहिली चिठ्ठी होती, ‘दोन आणि आठ वजा कर.’ बाई आठाखाली दोन लिहून सहा काढू लागल्या. पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली, ‘असं नही!’ बाई थांबल्या आणि चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवली. ‘दोन आणि आठ’ यात कोण कोणातून जाणार, हे कुठेच नव्हते. ३७६ चे मूळ तेथे होते. मराठीत वजाबाकीची दिशा ‘-तून’ या एका प्रत्ययात असते. दोनातून आठ आणि आठातून दोन यांतला सगळा फरक त्या प्रत्ययाचा. मुलांच्या तोंडी मात्र ‘दोन-आठची वजाबाकी’ असाच प्रयोग होता, आणि खरे सांगायचे तर आम्हा शिक्षकांच्याही तोंडी तोच असतो. चिठ्ठी बदलली: ‘वरच्या अंकातून खालचा अंक वजा कर. उजवीकडून सुरुवात कर.’

‘दोनातून आठ जात नाहीत,’ असे म्हणून येडा गडी थांबला.

‘शेजारून घ्या.’

‘शेजारी कोण? डावीकडचा की उजवीकडचा?’

‘डावीकडचा.’

‘डावीकडे शून्य आहे. शून्यातून काय घेऊ?’

वर्ग गप्प झाला. मग एका मुलाने चिठ्ठी पुढे केली, ‘शून्य असेल तर पलीकडच्याकडून एक घे.’ बाईंनी पाच खोडून चार केले, तो एक सरळ एककात आणून दोनात मिळवला आणि तीन लिहिले. तिनातून आठ जात नाहीत. आता मात्र मुलेच चक्रावली, कारण चिठ्ठीप्रमाणे सगळे झाले होते आणि तरी काम अडले होते. बाईंनी उत्तर सांगितले नाही; टेबलाच्या खणातून खेळातल्या नोटा काढून पाच शंभराच्या आणि दोन एकच्या नोटा फळ्याखाली मांडल्या. शंभराची नोट एककाच्या ढिगात सरळ टाकता येत नाही, ती आधी दहाच्या दहा नोटांत मोडावी लागते आणि त्यांपैकी एक पुन्हा मोडावी लागते, हे हातात नोट घेतल्यावर तिघा-चौघांना एकदमच दिसले. दहाच्या नऊ नोटा उरल्या. ३२४ लिहिणारा मुलगा नऊकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘हाऊ नऊ आठेन उना का!’ (हा नऊ इथून आला का!) नऊ लिहायचा हे त्याला पाठ होते. तो कुठून येतो हे त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी ३००३ वजा १४५८ दिले. कालची चिठ्ठी एका शून्यापुरती होती, येथे दोन शून्ये. काही मुलांनी ‘आणखी एक शून्य असेल तर’ अशी नवी चिठ्ठी जोडली. तीन शून्ये आली तर तिसरी जोडावी लागेल, असे कोणीतरी म्हणाले. थोड्या वेळाने एका मुलीने तिन्ही चिठ्ठ्यांच्या जागी एकच लिहिली: ‘शून्य नसलेले घर मिळेपर्यंत डावीकडे जा.’ अट पुरी होईपर्यंत तीच कृती पुन्हा करण्याला संगणक शास्त्रात लूप म्हणतात. तो चौथीच्या मुलीला ‘-पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययात सापडला. बाईंनी त्या वेळी ‘लूप’ हा शब्द उच्चारला नाही, हे मला बरे वाटले. नाव नंतरही देता येते.

या चिठ्ठीची खरी परीक्षा एका खोडकर मुलाने घेतली. त्याने उदाहरण दिले २०० वजा २७८. एकक आणि दशक पार पडले, शतकात एकातून दोन जाईनात, म्हणून येडा गडी चिठ्ठीप्रमाणे डावीकडे निघाला. डावीकडे घरच नव्हते. बाई फळा संपल्यावर भिंतीच्या कडेने चालत राहिल्या, दारातून बाहेर गेल्या आणि व्हरांड्यात दिसेनाशा झाल्या. हसण्याचा गलका ऐकून मुख्याध्यापक बाहेर आले, तर बाई पाण्याच्या टाकीपाशी पोचलेल्या. मुलांनी परत बोलावले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘घर मिळेपर्यंत जा असे लिहिले होते, मिळाले नाही तर काय करायचे ते लिहिले नव्हते.’ सर्वांत वर नवी चिठ्ठी लागली: ‘आधी पाहा. वरची संख्या लहान असेल तर थांब आणि सांग.’ पाठ्यपुस्तकात वरची संख्या नेहमीच मोठी असल्यामुळे ही अट कोणाला लिहावीशी वाटली नव्हती.

आता आक्षेपाची बाजू. चौथीतला हिशेबात सर्वांत तरबेज मुलगा, ज्याच्या घरी किराणा दुकान आहे, पहिल्या दिवसापासून नाराज होता. ‘माले येस, मंग लिखू काबर?’ (मला येते, मग लिहू कशाला?) हा त्याचा प्रश्न, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता. ज्याला जमते त्याला पायऱ्या लिहायला लावणे ही शिक्षाच असू शकते. बाईंनी त्याला ५०२ आणि २७८ तोंडी करायला सांगितले. त्याने बोटांवर सांगितले: २७८ ला ३०० करायला २२, पुढे ५०२ पर्यंत २०२, झाले २२४. ही दुकानात सुट्टे परत देण्याची रीत. यात उसने घेणे नाही, मोडणे नाही, शून्याचा अडथळाही नाही. बाईंनी त्याला हातच्याची रीत लिहायला न लावता त्याची स्वतःची रीत येड्या गड्यासाठी लिहायला लावली. तेव्हा तो अडला, कारण ‘सोपी संख्या येईपर्यंत मिळवत जा’ या सूचनेतील ‘सोपी’ म्हणजे कोणती, हे यंत्राला समजेना. दोन दिवसांनी त्याने ‘पुढचे शतक’ असा बदल आणला. ३००३ मध्ये त्याने १४५८ ते १५०० हे ४२, तेथून ३००० पर्यंत १५०० आणि वरचे ३ असे १५४५ काढले, आणि पायऱ्या फळ्यावरच्या रीतीपेक्षा कमी निघाल्या. वर्गाने दोन्ही रीती शेजारी ठेवल्या. कोणती चांगली, यावर एकमत झाले नाही, आणि बाईंनी ते करवूनही घेतले नाही.

फडाचा उपक्रम याच काळातला. पांझरा, मोसम आणि आराम या नद्यांवर काही शतके चालत आलेली फड सिंचनाची पद्धत आहे: बंधाऱ्याने नदीचे पाणी वळवून पाटाने शिवारात आणायचे, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात एका वेळी एकच पीक घ्यायचे आणि फडांची पिके दरवर्षी फिरवायची. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. पूर्वी पाटकरी म्हणून काम केलेले गावातील एक आप्पा वर्गात येऊन बसले. मुलांनी सोयीसाठी चार फड आणि ऊस, गहू, हरभरा, बाजरी अशी चार पिके धरून चार वर्षांचा तक्ता केला आणि प्रश्न विचारला: पहिल्या फडात दहाव्या वर्षी कोणते पीक असेल? तक्ता दहा वर्षांपर्यंत लांबवण्याऐवजी दोघांनी दहाला चाराने भागले, बाकी दोन, म्हणून दुसऱ्या वर्षाचे पीक, गहू. आकृतिबंधाचा पाठ आणि बाकी उरणाऱ्या भागाकाराचा पाठ पुस्तकात वेगवेगळे असतात. ते येथे आपोआप एकत्र आले. आठव्या वर्षी मात्र बाकी शून्य आली आणि ‘शून्याव्या वर्षाचे पीक कोणते’ असा पेच पडला. बहुतेकांनी ‘बाकी शून्य आली तर चौथे वर्ष घ्या’ अशी चिठ्ठी जोडली. एका मुलीने सुचवले की पहिल्या वर्षालाच शून्य म्हटले तर चिठ्ठी लागणार नाही. बाईंनी ते मोजायला अवघड जाईल म्हणून बाजूला ठेवले. प्रोग्रामर मोजणी शून्यापासून सुरू करतात ती बहुधा अशाच सोयीसाठी. तो क्षण हातून गेला, असे मला वाटते.

आप्पा तक्ता पाहून हसले. पाणी कमी पडले की एखादा फड पडीक ठेवावा लागतो आणि मग फिरणारा क्रम मोडतो, हे त्यांनी सांगितले. ‘पाणी कमी असेल तर’ ही अट तक्त्यात कुठे बसवायची, यावर मुले तास संपेपर्यंत भांडत राहिली.

पहिली-दुसरीत मुख्याध्यापकांनी फरशीच्या चौकटींवर ‘दोन पावले पुढे, उजवीकडे वळ’ असा खेळ घेतला. समोरासमोर उभे राहिले की उजवे-डावे उलटते, एवढा एक धडा त्यातून मिळाला. गणिताशी त्याचा धागा फारसा जुळला नाही.

या सर्वांचा खर्चही मांडला पाहिजे. एका तासात आटोपणाऱ्या घटकाला चौथीत चार तास लागले आणि त्या वेळात तिसरीची मुले स्वाध्याय सोडवत बसली. येड्या गड्याच्या तासाला त्यांच्या माना सतत इकडे वळलेल्या होत्या, म्हणजे स्वाध्यायही नीट झाला नाही. बहुवर्ग शाळेत हा प्रश्न सुटलेला नाही. दोन पालकांनी ‘बाई गणित सोडून नाटक करतात’ अशी तक्रार केली. त्यांना वह्यांमधील आधीची आणि नंतरची वजाबाकी दाखवल्यावर एक शांत झाले, दुसरे झाले नाहीत. भाषेचा अडथळा सर्वांत मोठा होता. प्रमाण मराठीत लिहा म्हटले की भिल्ली बोलणारी तिन्ही मुले चिठ्ठीच देत नसत. बाईंनी सूचना आधी घरच्या बोलीत तोंडी द्यायला परवानगी दिली आणि लिहिण्याचे काम जोडीदाराकडे सोपवले, तेव्हा त्यांच्यापैकी एक मुलगी चुका शोधण्यात सर्वांच्या पुढे गेली. ३७६ लिहिणाऱ्या चौघांपैकी तिघांची वजाबाकी सुटली. चौथा अजूनही कागदावर तेच करतो, पण नोटा दिल्या की करत नाही. मीही माझा निरीक्षण-तक्ता वापरणे सोडले. ‘क्रमवारी: साध्य’ या खुणेने मला काहीच दाखवले नव्हते, आणि बाईंच्या वहीतील ‘आज गडी कुठे अडला’ ही रोजची एक ओळ बरेच काही दाखवत होती.

माझ्या शेवटच्या भेटीच्या वेळी वर्ग दोन अंकी गुणाकारावर होता. ४६ गुणिले २३ साठी मुलांच्या चिठ्ठ्यांत ‘दुसऱ्या ओळीत आधी शून्य ठेव’ ही सूचना राहून गेली होती. येड्या गड्याने १३८ खाली ९२ मांडून बेरीज २३० केली. पाच-सहा जणांनी शून्याची चिठ्ठी लगेच आणली, पण शून्य का, हे त्यांना सांगता येईना, म्हणून बाईंनी ती भिंतीवर न लावता टेबलावर ठेवली. किराणा दुकानवाला मुलगा मात्र २३० कडेच पाहत होता. मधल्या सुट्टीत त्याने वही आणून दाखवली: ४६ गुणिले ५ बरोबर २३०. येड्या गड्याने २३ ने गुणलेच नव्हते, ३ आणि २ ने गुणले होते. बाईंनी त्याला तेच चिठ्ठीवर लिहायला सांगितले, आणि सुट्टी संपली तेव्हा तो ‘वीस’ हा शब्द कुठे घालायचा यावर पेन्सिल चावत बसला होता.